आहुप्याच्या ढगाचं पाणी

आहुपे, ता. आंबेगाव
११ ऑक्टोबर १९९८

राजा,

जयभीम. आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन म्हणते, तोवर राग उतरला तर.

तुझं पत्र काल घोडेगावच्या एसटीनं आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं, खाली सही 'राज भालेराव'. राजरत्नमधलं रत्न वाटेत कुठं सांडलं रे? समुद्रात?

पत्रातली बातमी मला एका दमात वाचता आली नाही. पावसाळाभर आम्ही धरून पाठवलेलं सगळं ढगाचं पाणी तुमच्या प्रयोगशाळेनं बाद केलं. कारण दिलंय, 'स्थानिक हाताळणीमुळे दूषित'. तुमच्या अहवालात फक्त तुमच्या बेटाचं पाणी राहणार. आहुप्याचा रकाना काढून टाकलात.

हे काम मी मागायला आले नव्हते. एप्रिलमध्ये तूच लिहिलंस. आबा गेल्यानंतरचं तुझं ते पहिलं पत्र. त्यात आबांविषयी एक ओळ नव्हती आणि ढगांविषयी चार पानं होती. हिंदी महासागरातल्या तुझ्या रियुनियन बेटावरून जाणारा वारा विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या कडेनं वळतो आणि जूनमध्ये थेट आपल्या सह्याद्रीच्या कड्यावर येऊन आदळतो. म्हणून एका वाऱ्याचं पाणी दोन टोकांना धरून पाहायचं. एक टोक तुझ्या बेटावर, दुसरं तुझी बहीण ज्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवते त्या कड्यावर. मी लगेच हो म्हणाले. का म्हणाले ते आज सांगणार नाही.

तू पाठवलेल्या नकाशाप्रमाणे चौकट केली. तिच्यावर मासे धरायचा नायलॉनचा तंगूस उभा ताणला, वर पावसासाठी छप्पर, खाली पन्हळ आणि पन्हळीच्या तोंडाला तुझी बाटली. ढग पटांगणातून जाताना तंगुसावर आदळतो, त्याचा थेंब होतो आणि थेंब घरंगळत बाटलीत येतो. आमचे पहारेकरी गेणभाऊ पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"बाई, ह्या जाळ्यात मासा कवा गावायचा?"

"मासा नाही गेणभाऊ, ढग धरायचाय."

"मंग भोकं लई मोठी ठिवली की. समदा निसटून चाललाय."

मी शाळेत असताना बाटल्या बदलायचं काम आई करायची. गुडघा धरून, डोक्यावर इरलं घेऊन, कड्याच्या वाऱ्यात. सत्तरीची बाई. ही तुमची 'स्थानिक हाताळणी'.

तू लिहितोस, समुद्रावरून आलेला ढग आंबटच असतो. बेटावर तुम्हाला पीएच साडेचारच्या आसपास मिळतो, कितीही स्वच्छ ढग असला तरी पाच-साडेपाचच्या वर जात नाही, आणि आहुप्याचं पाणी मात्र साडेसातच्याही वर, म्हणजे चक्क अल्कधर्मी. ते ढगाचं असूच शकत नाही. ते कुणाच्या तरी हातचं पाणी आहे.

हातचं पाणी. इंग्रजीत लिहिलंस म्हणून तुला ते लिहिणं जड गेलं नसेल. मी मराठीत वाचलं. आई तरुणपणी घागर खाली ठेवून विहिरीच्या पायऱ्यांच्या बाजूला उभी राहायची, हे तुला माहीत आहे. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं. घागर ती इतकी लखलखीत घासायची की ओतणाऱ्याला तिच्यात स्वतःचं तोंड दिसावं. हे आबा सांगायचे आणि हसायचे. तू त्यांच्या मांडीवर बसलेला असायचास.

आईला मी तुझं पत्र वाचून दाखवलं नाही.

"राजाचं सायेब काय म्हनलं?" तिनं विचारलं.

"पाणी मिळालं म्हणाले."

"बास?"

"बास."

"आन् लेकानं माझं काय इचारलं?"

मी म्हणाले, गुडघा कसा आहे विचारलंय. तेव्हा पुढच्या पत्रात गुडघ्याचं विचार. मला खोटं पाडू नकोस.

आणि हे बाद करणं मला मान्य नाही. नुसता पीएच सांगून मला गप्प बसवू नकोस. सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम, पोटॅशियम, जे जे मोजलंत ते सगळं पाठव. सातवी ते दहावीच्या पोरांना रसायन शिकवते मी. तुलाही मीच शिकवलं होतं.

राग उतरला नाही. आशीर्वाद राहिले.

ताई


आहुपे
३ जानेवारी १९९९

राजा,

तुझे आकडे मिळाले. सोबत दोन ओळींचंही पत्र नव्हतं. असो.

आकडे घेऊन मी बरेच दिवस बसले होते. सोडियम आणि क्लोराइड समुद्राच्या पाण्यात जसे असतात अगदी त्याच प्रमाणात. म्हणजे ढग समुद्रावरूनच आला, त्यात तुझंमाझं भांडण नाही. पण पोटॅशियम? इतकं पोटॅशियम ना समुद्रात, ना हवेत. ते कुठून आलं, मला उमगेना. तू मनात काय म्हणत असशील ते मात्र उमगत होतं.

मग रविवारी शाळेच्या मागच्या झऱ्यावर धुणं घेऊन गेले. आई दगडावर बसून भांडी घासत होती. चुलीतली राख, नारळाची शेंडी, आणि तिचा तो जोर. डेगची घासून झाल्यावर तिनं औषधाची रिकामी बाटली उचलली, तिच्यात राख टाकली, थोडं पाणी घातलं, अंगठा लावून खळखळ हलवली आणि विसळली. मी बघत उभी राहिले. लाकडाच्या राखेत पोटॅशियम असतं, हे दर वर्षी मी फळ्यावर लिहिते.

"आई, राजाच्या बाटल्या तू राखेनं घासल्यास?"

"मंग? तशाच लावायच्या व्हय?"

"अगं, त्या सीलबंद होत्या! त्यांच्या मशीनमधून धुऊन आलेल्या!"

"पिशवीत व्हत्या. प्लास्टिकचा वास मारत व्हता. माज्या लेकाच्या सायबाकडं पानी चाललंय आन् आपल्याकडनं वासाची बाटली? उद्या म्हनतील, ह्यांच्यात भांडी धुत न्हाईत."

मी ओरडले. झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या इतक्या जोरात. काय काय बोलले ते लिहीत नाही. आईनं हातातली शेंडी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजी समदं पानी माज्यामुळं वाया गेलं?"

"नाही गं, सगळं नाही."

"खोटं नको बोलू. मास्तरीन हायेस."

तर लिहून घे. १९९८ चं आहुप्याचं सगळं पाणी बाद. राखेनं ते अल्कधर्मी झालं. तुमचं बरोबर, आमचं चूक. तुझ्या साहेबांना सांग, बहिणीनं स्वतःहून कळवलंय.

पण एक गोष्ट त्यांनाही सांग आणि तूही ऐक. तुम्ही पाणी तपासलंत आणि निकाल हातांचा लावलात. हात घाणेरडे असतील असं धरून चाललात. ते हात स्वच्छतेपायी झिजलेले आहेत, आणि त्या स्वच्छतेनंच हा घोटाळा केला. हे तुमच्या साहेबांना सुचलं नाही तर मी समजू शकते. तुला सुचायला हवं होतं. त्याच राखेनं घासलेल्या ताटात तू जेवलास.

येत्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा पाणी धरणार. तुझे साहेब बाटल्या पाठवणार नसतील तर नकोत. मंचरहून नव्या बाटल्या आणते. गॅरेजवाले बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी डबाभर घेऊन येते, त्यानंच सगळं धुऊ. प्रत्येक आठवड्याला एक बाटली नुसतं तेच पाणी घालून, चौकटीखाली ठेवून, वेगळी पाठवीन. त्यात काही आलं तर दोष आमचा. त्यात काही नसेल आणि ढगाच्या बाटलीत असेल, तर ते ढगात होतं. यावर तुम्हाला काही म्हणता येतं का बघ.

तू म्हणशील, ताई, कशाला एवढा हट्ट? आम्ही चुकलो ते कबूल केलं. पण चुकलो म्हणून आमचा रकाना कायमचा कोरा, हे मला चालणार नाही.

गुडघ्याचं विचारलं नाहीस.

ताई


आहुपे
२५ जुलै १९९९

राजा,

महिनाभर सूर्य दिसलेला नाही. खोलीतसुद्धा ढग आहे. वही उघडली की पान मऊ लागतं. कपडे चुलीवर वाळवतोय.

बाटल्या पाठवल्यास, बरं केलंस. त्यांच्याबरोबर कागदाच्या तुकड्यावर हातानं 'आईच्या गुडघ्याला काय म्हणतात डॉक्टर? कळव' असं लिहिलेलं होतं. मराठीत. तुझं अक्षर अजून तसंच आहे, 'ळ' चा पाय लांब. मी आईला ते वाचून दाखवलं. "मागच्या बारीलाबी हेच इचारलं व्हतं," ती म्हणाली. मी हो म्हणाले.

आता आई बाटलीला हात लावण्याआधी दोन्ही हातांत नव्या प्लास्टिकच्या पिशव्या घालते आणि मनगटाला रबर लावून घेते. पहिल्या दिवशी गेणभाऊ म्हणाले, "फुलामावशी, आप्रेशन कराय निगाला का काय?"

"व्हय. तुजंच करते, ये. जिभंचं."

पिशवी फाडायची नाही, बाटलीच्या आत बोट घालायचं नाही, झाकण उलटं ठेवायचं नाही, आणि राख पटांगणात आणायचीच नाही. मी सांगितलं ते सगळं तिनं घेतलं, वर स्वतःचं एक जोडलं. बाटली लावताना ती श्वास रोखून धरते. म्हटलं, हे कशाला? तर म्हणाली, "तोंडाची वाफ नको जायला. न्हाईतर म्हनतील, म्हातारीनं फुकर मारली."

आता मुद्द्याचं. तू पाठवलेल्या पेनासारख्या पीएच मीटरवर मी प्रत्येक बाटली मोजते, मग अर्धं पाणी तुझ्यासाठी बंद करते आणि अर्धं इथं ठेवते. जूनच्या पहिल्या ढगांचं पाणी जवळजवळ सहा पूर्णांक आठ होतं. राख नाही, हात नाहीत, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याच्या कोऱ्या बाटल्यांत काही नाही, तरी सहा पूर्णांक आठ! मी गेणभाऊंना चहा पाजला. त्यांना कारण कळलं नाही, चहा कळला.

आणि मग ते उतरायला लागलं. जुलै लागला तसं सहा पूर्णांक दोन, मग सहाच्या खाली, आणि या आठवड्यात साडेपाच. तुमच्या बेटावरच्या स्वच्छ ढगाच्या जवळ. तुला सांगायला लाज नाही, काल मी आकडा बघून मीटरच पुसला आणि पुन्हा बुडवला, जसा काही तोच चुकत होता.

साहेबांना हे कळलं तर म्हणतील, बघा, धड काम केलं की आंबटच निघतं. म्हणतील तर म्हणू देत. मी दुसरं म्हणते.

तुझ्या बेटाभोवती चहूकडे समुद्र. हवेत माती येणार कुठून? आपल्याकडे जूनच्या आधी सगळा मुलूख उन्हानं पिठासारखा झालेला असतो. जुन्नरच्या बाजारात उभं राहिलं तर संध्याकाळपर्यंत दातात माती. आणि वाटेत तो वारा अरबस्तानाच्या वाळवंटाच्या कडेनंही येतो. त्या मातीत चुना असतो. ढगातला आंबटपणा चुना मारतो, आमची पोरं शेतात चुना टाकतात तसाच. म्हणून जूनचं पाणी आंबट नाही. पण महिनाभर पाऊस पडून पडून हवेतली माती खाली बसली. डोंगर धुतले गेले, वारा धुतला गेला. आता जो ढग येतोय तो नुसता समुद्राचा आहे. तुझ्या घरून निघालेला, तसाच्या तसा.

हे खरं असेल तर सप्टेंबरात, पाऊस उघडला आणि धूळ पुन्हा उठली की, पाणी परत वर चढलं पाहिजे. हात तेच, बाटल्या त्याच, चौकट तीच. हात दोषी असते तर ते जुलैतही दोषी असते.

हे मी आज, चढण्याआधी, लिहून तुझ्याकडे पाठवते आहे. म्हणजे पाणी चढलं तर तू म्हणू नयेस की ताईला नंतर सुचलं. आणि नाही चढलं तर मी चुकले, आणि ते तुझ्या हातात माझ्याच अक्षरात असेल. मग आहुप्याचा रकाना खुशाल काढ, मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

काल दुपारी आई दारात बसली होती. ढग उंबऱ्यावरून आत येत होता. तिनं विचारलं, "ह्यो राजाच्या घरावरनं आला?"

"तिकडूनच."

"मंग त्याच्या घरचा कायबी वास कसा न्हाई?" आणि तिनं हात पुढं केला, लहान पोराच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. पिशवी न घालता.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मी का हो म्हणाले, ते विचारू नकोस आता.

ताई


आहुपे
१७ ऑक्टोबर १९९९

राजा,

पाणी चढलं!

हे तुला माहीत आहे, तूच तपासलंस, तरी मला एकदा लिहायचं होतं. सप्टेंबरच्या पहिल्या उघडिपीनंतर सहा पूर्णांक एक, मग साडेसहा, आणि शेवटच्या पातळ ढगांचं सहा पूर्णांक सात.

घोडेगावच्या एसटीडी बूथवर तुझा फोन घ्यायला उभी होते तेव्हा मागं रांग होती, म्हणून मी नुसती 'हं, हं' करत राहिले. तू सांगत होतास, पोटॅशियम जवळजवळ नाही, कोऱ्या बाटल्या कोऱ्याच, जून आणि सप्टेंबरात कॅल्शियम भरपूर, जुलैत नुसतं समुद्राचं मीठ. मग म्हणालास, "ताई, तुझं बरोबर होतं." मराठीत म्हणालास. मागच्या माणसानं मला विचारलं, "बाई, कुनी गेलं का काय?" इतकी मी रडत होते.

तिथंच फोन ठेवायला हवा होता. पुढचं ऐकलं नसतं.

तू म्हणालास, आहुप्याचं पाणी अहवालात येणार. पण मागच्या वर्षीच्या राखेचा उल्लेख नको, उगाच हसं होईल. आणि पाणी धरणाऱ्यांचं नाव म्हणून 'स्थानिक शाळेतील कर्मचारी' एवढं पुरे. मी म्हणाले, धरणारी तुझी आई आहे. तू म्हणालास, "अगं, तेच तर. आई म्हटलं की शंभर प्रश्न येतात. कोण, काय शिकलेली, घरची माणसं कशी काय. मी इथं फार कष्टानं उभा आहे ताई." आणि मग हळूच म्हणालास, "मी इथं कुणाला घरचं काही सांगितलेलं नाही."

मी 'हं' म्हणाले आणि फोन ठेवला. रांग होती म्हणून. आता रांग नाही.

तुला कष्ट पडले हे मला माहीत आहे. आबांनी तुला खांद्यावर बसवून परीक्षेला जुन्नरला नेलं, ओढ्याला पाणी होतं म्हणून. ते वारले तेव्हा तुला सुट्टी मिळाली नाही असं तू कळवलंस. आम्ही गावाला तेच सांगितलं. तुझ्या साहेबांनी सुट्टी नाकारली, की वडील गेले हे तू त्यांना सांगितलंच नाहीस, हे मी तेव्हा विचारलं नाही. आजही विचारत नाही. पण फोन ठेवल्यापासून मला उत्तर कळल्यासारखं वाटतंय.

मी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. मागच्या वर्षीचं तुझं पत्रसुद्धा, 'दूषित' सकट. गुडघ्याची थापसुद्धा. वाटलं, ती कोसळेल. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"राखंचं लिवायचं न्हाई म्हनतो?"

"हो. हसतील म्हणतो."

"हसूंदे की. चूक झाली ती झाली. आपन व्हऊन सांगितली, पुन्यांदा नीट करून दावलं. ह्यात चोरायचं काय?" मग म्हणाली, "आन् नाव घालायचं असंल तर पुरं घालाय सांग. विहिरीवर मला कुनी नावानं हाक मारली न्हाई. 'ए, घागर सरकव,' एवढंच. आता माज्या पान्यावर बी 'कर्मचारी' लिवनार व्हय माजा ल्योक?"

मी कागद काढून लिहायला बसले.

तेव्हा ऐक. तू म्हणालास, छापण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेत पाणी पुन्हा तपासावं लागेल, त्यासाठी माझ्याकडचं अर्धं पाणी हवं. ते माझ्या ताब्यात आहे, जुन्नरच्या कॉलेजातल्या फ्रीजमध्ये, माझ्या नावानं. ते मी देणार नाही. अहवालात पाणी धरणाऱ्याचं नाव 'फुलाबाई भागुजी भालेराव' येईल, आणि मागच्या वर्षी राखेनं काय झालं तेही येईल. नाहीतर आहुप्याचा रकाना कोराच राहू दे. एकदा तुम्ही काढलात, आता मी काढते.

तू म्हणशील, ताई, तुझंच काम वाया जाईल. जाऊ दे. ढग काय, पुढच्या वर्षी पुन्हा येतील. मला माहीत आहे त्यांत काय असतं.

ताई


आहुपे
२१ मे २०००

राजरत्न,

पार्सल आलं.

गेणभाऊंनी ते पोस्टमनकडून घेतलं आणि पटांगणातूनच ओरडत आले, "फुलामावशी, तुमच्या नावचं हाय! फारीनचं!" मला वाटलं चेष्टा करतायत. तर खरंच, खोक्यावर मोठ्या अक्षरांत, देवनागरीत, तुझ्या हातानं, 'श्रीमती फुलाबाई भागुजी भालेराव'. खाली बारीक अक्षरांत इंग्रजी. 'ळ' नाही त्यात, नाहीतर पाय लांब असता.

आईनं खोकं मांडीवर घेतलं. वाचता येत नाही तिला, तरी त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली आणि मला विचारत राहिली, "ह्ये फुलाबाई? आन् ह्ये त्यांचं नाव?" आबांच्या नावावर बोट थांबलं तेव्हा मी बाहेर गेले.

तुझं पत्र मी नंतर वाचलं, हातानं लिहिलेलं. अहवालाचा कच्चा मसुदा साहेबांना दिलास, त्यात आईचं नाव आणि राखेचा परिच्छेद दोन्ही घातलंस. साहेब राखेचं वाचून हसले. मग त्यांनी विचारलं, ही बाई कोण? आणि तू म्हणालास, माझी आई. नंतर त्यांनी आणखी विचारलं आणि तू आणखी सांगितलंस. आबांचंही. काय सांगितलंस ते तू लिहिलं नाहीस, मीही ओढून काढत नाही. साहेबांचा निर्णय अजून झालेला नाही, ते परिच्छेद कापतीलही, असं लिहितोस. कापू देत. त्यांच्या कात्रीचं दुःख मला नाही. तुझ्या कात्रीचं होतं.

जुन्नरला जाऊन अर्धं पाणी घेऊन आले. ते बर्फाच्या डब्यात घालून उद्या पुण्याला, दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या तुझ्या मित्राकडे पोचवते. शब्द पाळलास, आता माझा.

नव्या बाटल्यांना अजून कुणी हात लावलेला नाही. आईनं खोकं फळीवर ठेवलंय आणि जो येईल त्याला बजावते, "उगडायचं न्हाई. त्येच्यात काय न्हाई, त्येच म्हत्त्वाचं हाय." तंगूस नवा ताणायचा आहे. पश्चिमेकडून वारा सुरू झालाय, कड्यावर उभं राहिलं की पदर धरवत नाही. ढग अजून नाहीत, नुसती धूळ.

तू लिहितोस, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येईन, पहिलं पाणी धरताना तिथं असेन. चार वर्षांनी येतोस. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती उठली, आबांचा पितळेचा तांब्या काढला, झऱ्यावर जाऊन बसली. आज तिसरा दिवस, रोज घासते. त्यात तोंड दिसतं, तरी तिचं समाधान होत नाही.

राखेनंच घासते, राजा. ढगाची बाटली वेगळी, घरचा तांब्या वेगळा. तू आलास की दारात याच तांब्यातून पाणी मिळेल, तिच्या हातचं. त्यात पोटॅशियम किती ते मोजायचं असेल तर मीटर बेटावरच ठेव आणि तूही तिथंच राहा. प्यायचं असेल तर ये.

आशीर्वाद पोस्टानं पाठवणार नाही. ते इथं आहेत, आलास की घे.

ताई